ग्रास कटर सुरू होत नाही तेव्हा: टू-स्ट्रोक इंजिनाची तपासणी आणि निगा

दसरा-दिवाळीच्या सुमाराची बेणणी उरकली की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांमधला ग्रास कटर पडवीच्या कोपऱ्यात जातो आणि पुढच्या श्रावणात बाहेर येतो. टाकीत उरलेलं पेट्रोल तेवढे महिने तसंच असतं. मग दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, कुणीतरी कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवतं आणि शेवटी ‘इंजिन गेलं’ म्हणून मशीन गॅरेजात पोचतं. इंजिन बहुतेक वेळा गेलेलं नसतं. खराब झालेलं असतं पेट्रोल, आणि त्याच्यामागे कार्बोरेटरच्या आतले डायफ्रॅम, म्हणजे पातळ लवचीक पडदे. म्हणून स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

आधी एक खात्री करा. खांद्याला अडकवायच्या काही कटरांना फोर-स्ट्रोक इंजिन असतं. होंडाचं जीएक्स ३५ त्यातलंच. त्यात पेट्रोल साधं आणि ऑइल वेगळ्या जागी भरतात. पुढचं सगळं टू-स्ट्रोकसाठी आहे, जिथे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं.

पेट्रोल आणि ऑइल

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर दिलेलं असतं. एक लिटर पेट्रोलला २५:१ असेल तर ४० मिली ऑइल, ४०:१ ला २५ मिली, ५०:१ ला २० मिली. ऑइल टू-टी म्हणजे टू-स्ट्रोकचंच हवं, डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं. मोटारसायकलच्या इंजिनात घालायचं फोर-स्ट्रोक ऑइल यात घालू नका. ते जळून जाण्यासाठी बनवलेलंच नसतं, राख आणि काजळी मागे ठेवतं.

मापाशिवाय ‘अंदाजाने’ ऑइल ओतणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला घासून इंजिन जाम होतं. पण ‘जास्त घातलं तर बरंच’ हेही खरं नाही. प्लग काळा होतो, सायलेन्सर काजळीने भरतो, शिवाय जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकातून, जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी पडतं. मेडिकलच्या दुकानात मिळणारी २० किंवा ५० मिलीची सुई नसलेली सिरिंज हे उत्तम माप आहे.

वेगळ्या कॅनमध्ये अर्धं पेट्रोल घ्या, सगळं ऑइल ओता, हलवा, उरलेलं पेट्रोल घाला आणि पुन्हा हलवा. टाकीत ओतण्यापूर्वी दर वेळी कॅन हलवायचाच. पाण्याच्या बाटलीत मिश्रण ठेवू नका. घरात लहान मूल असो वा मोठं माणूस, चुकून तोंडाला लावलं जातं.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर तर तळालाच असतो. म्हणजे इंजिनाला मिळतो तो ऑइल नसलेला थर. पावसाळ्याच्या हवेत हा धोका दुप्पट धरावा. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच बनवा. जुन्याबद्दल शंका असेल तर काचेच्या बरणीत ओतून बघा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला तर ते वापरू नका.

सुरूच होत नसेल

थंड इंजिनाला प्रायमरचा रबरी फुगा ५–७ वेळा दाबा, त्यात पेट्रोल दिसलं पाहिजे. चोक लावून, म्हणजे हवेची वाट बंद करून, दोरी ओढा. इंजिनाने एकदा ठसका दिला की चोक उघडायचा आणि मग पुन्हा ओढायचं. इथेच चूक होते: ठसका ऐकू येत नाही, चोक लावूनच दहा-पंधरा वेळा ओढलं जातं आणि प्लग पेट्रोलमध्ये भिजतो.

तरीही सुरू झालं नाही तर प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास असलेला असेल तर पेट्रोल पोचतंय, बहुधा जास्तच. प्लग पुसा, चोक उघडा, स्टॉपचं बटण बंदवर ठेवा, प्लगच्या भोकाचं तोंड खाली करून दोरी ८–१० वेळा ओढा आणि दहा मिनिटं वारा लागू द्या. प्लग अगदी कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही.

ठिणगी बघण्यासाठी आजूबाजूचं सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या आणि बटण चालूवर करा. प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंखांना टेकवा, भोकापासून लांब, आणि सावलीत दोरी ओढा. निळी ठिणगी हवी. नसेल तर आधी नवा प्लग लावून बघा, फट ०.६ ते ०.७ मिलीमीटर. तरीही नसेल तर कॉइलकडून (ठिणगीची वीज देणाऱ्या भागाकडून) बटणाकडे जाणारी बारीक वायर सोडवा. ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय. कॉइल आणि फ्लायव्हील (तिच्याजवळून फिरणारं चुंबकाचं चाक) यांच्यातली फट साधारण ०.३ मिलीमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी.

ठिणगी आहे पण प्लग कोरडा, अशा वेळी भोकातून १ मिली मिश्रण आत सोडा, प्लग लावा आणि ओढा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) दोन्ही ठीक. दोष टाकी ते कार्बोरेटर या वाटेवर आहे. एवढी एक चाचणी अर्धं काम वाचवते.

मग वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. काळा पडला असेल तर बदला. नळी बोटाने वाकवून बघा. इथेनॉलने ती कडक होऊन चिरते किंवा फुगून ढिली होते, आणि पेट्रोलऐवजी हवा ओढते.

कार्बोरेटर

या मशीनच्या कार्बोरेटरमध्ये बहुधा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा गोळा) नसतो, कारण कटर आडवा-तिरका कसाही धरावा लागतो. त्याऐवजी दोन पातळ डायफ्रॅम असतात: एक पंपासारखा पेट्रोल ओढतो, दुसरा पेट्रोल आत सोडणारी सुई उघड-बंद करतो. जुन्या पेट्रोलने ते कडक होतात. संथ चालतं पण रेस दिली की मरतं, किंवा चोक अर्धा लावूनच चालतं, ही त्याची खूण. डायफ्रॅम हातात घ्या; पातळ कापडासारखा लवचीक हवा. कागदासारखा वाजला तर निकामी.

उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. बहुतेक कार्बोरेटरमध्ये सुईच्या बाजूला बॉडीला आधी गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) आणि वर डायफ्रॅम येतो, पंपाच्या बाजूला नेमकं उलट. हे बदललं तर मशीन सुरूच होत नाही. भोकांमध्ये तार घालू नका, जेट मोठा होतो. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे. क्लीनर मारण्यापूर्वी रबराचे भाग बाजूला काढा. सुईखालची छोटी पट्टी वाकवू नका. डायफ्रॅम-गॅस्केटचा संच मॉडेल नंबर दाखवून घ्या.

स्क्रू फिरवायचेच झाले तर प्रत्येक स्क्रू हलकेच बंद करत किती फेरे होता ते मोजून लिहून ठेवा. एल म्हणजे संथ गतीचं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण रेसचं. दोन्ही एक ते दीड फेरा उघडे, ही सुरुवात. एच फार बंद केला तर इंजिन छान किंचाळतं आणि त्याच आवाजात ऑइल कमी पडून मरतं. भार नसताना पूर्ण रेसला आवाज किंचित फुटका हवा, गवतात पातं घातलं की स्वच्छ व्हायला हवा. रेस सोडल्यावरही इंजिन चढंच राहत असेल तर स्क्रूने दाबू नका. कुठूनतरी हवा शिरतेय: कार्बोरेटरचं गॅस्केट किंवा क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) सील.

चालता चालता बंद पडणं

दहा मिनिटांनी मरत असेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज झाला आणि लगेच सुरू झालं तर झाकणाचं हवेचं बारीक भोक बंद झालंय, साफ करा. तसं नसेल तर बंद पडल्या क्षणी ठिणगी बघा. गरम झाल्यावर ठिणगी जात असेल तर कॉइल बदलायची.

ताकद हळूहळू कमी झाली असेल तर सायलेन्सर बघा. त्यातली बारीक जाळी काजळीने भरते. ती काढून ब्रशने घासा आणि परत बसवा. जाळी फेकून दिली तर मशीन जरा जोरात चालतं, हे खरं आहे. पण माघ-फाल्गुनात वाळलेल्या गवतावर सायलेन्सरमधून एक पेटता कण पडला तर वणवा लागतो आणि वर्षानुवर्षं वाढवलेली कलमं जळतात. जाळी काढू नका.

सायलेन्सर उघडलाच आहे तर त्या भोकातून पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर ठीक. उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलं होतं, पिस्टन-सिलिंडर बदलल्याशिवाय इलाज नाही. कॉम्प्रेशनचा घरगुती अंदाज: पातं काढून, प्लग लावलेला ठेवून, मशीन दोरीच्या मुठीला लटकवा. अडखळत हळू खाली आलं तर बरं. सरळ घसरलं तर पिस्टनच्या रिंग गेल्या.

रोजचं काम

फोमचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, सुकवा, दोन थेंब ऑइल चोळून पिळा. सिलिंडरच्या पंखांत अडकलेला गवताचा भुगा काढा. पात्याजवळच्या गिअर हेडमध्ये दर २०–२५ तासांनी लिथियम ग्रीस भरा. पात्याच्या नटाला बहुधा उलटे आटे असतात, आणि त्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायचीच. कातळावर आपटून वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, बदला.

मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि नळीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. प्लग काढून ५ मिली टू-टी ऑइल आत सोडा, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग लावा. मग हाताला दाब जाणवेपर्यंत दोरी हळू ओढून तिथेच थांबवा. पिस्टन वर राहतो, सायलेन्सरकडचं तोंड झाकलेलं राहतं आणि पडवीतली दमट हवा सिलिंडरमध्ये कमी शिरते.