कृष्णवर्णीय क्वीअर (समलिंगी, ट्रान्स इत्यादी) जीवनांचा छायाचित्र-संग्रह कसा उभारावा
दक्षिण आफ्रिकेतील झानेले मुहोली स्वतःला दृश्य माध्यमातील कार्यकर्ते म्हणवतात. २००६ पासून तेथील कृष्णवर्णीय लेस्बियन व ट्रान्स व्यक्तींची व्यक्तिचित्रे टिपताना समोरच्या माणसाला ते ‘विषय’ न म्हणता ‘सहभागी’ म्हणतात, आणि अशा संग्रहाची सुरुवात याच भेदापासून करावी. कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी चित्र कोठे दिसेल, नाव छापायचे की नाही आणि पुढे संमती मागे कशी घेता येईल, हे सहभागी व्यक्तीशी बोलून लेखी ठरवावे. २००६ मध्येच समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देणाऱ्या त्या देशातही ओळख उघड होणे जिवावर बेतू शकते. प्रत्येक चित्रासोबत व्यक्तीने स्वतः सांगितलेले नाव, सर्वनाम (स्वतःसाठी ‘तो’, ‘ती’ की ‘ते’ वापरावे हे), ठिकाण व तारीख नोंदवावी.

प्रतींबाबत मात्र कसूर नको. २०१२ मध्ये मुहोलींच्या केप टाउनमधील घरातून २० हून अधिक हार्ड डिस्क चोरीला गेल्या, त्यांत राखीव प्रतीही होत्या. म्हणजे प्रती काढलेल्या होत्या, पण एकाच छपराखाली. म्हणून किमान एक प्रत दुसऱ्या शहरात, विश्वासू व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे असावी, आणि संमतिपत्रे व खऱ्या नावांची यादी चित्रांपासून वेगळी, पासवर्डने सुरक्षित करून ठेवावी.