येळवशीला लहान लेकरं शेतात नेताना

लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, सगळा गोतावळा शेतात जातो. कडब्याची कोप (खोपटी), त्यात पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, मग पूजा अन् पंगत. पुण्याहून सुना-नातवंडं येतात. त्यांना मी दरवर्षी हेच सांगते.

भज्जीत, म्हणजे बेसन लावलेल्या मिसळ पालेभाजीत, मिरची पडायच्या आधी लेकरांच्या वाटणीची काढून घ्या. त्यातले तूर-वाटाण्याचे दाणे अख्खे असतात. चार वर्षांच्या आतल्याला कुस्करूनच द्या. शेंगदाणे, हुरडा नकोच, घशात अडकतो. आज्ज्या म्हणतात, ‘काही होत नाही गं.’ त्यांचं ऐकू नका. उंड्याचा (उकडलेल्या पिठाच्या गोळ्याचा) मऊ तुकडा, खीर अन् फार न आंबलेली आंबील, एवढ्यावर पोट भरतं.

सगळ्यात आधी विहीर. कठडा नसेल तर एका मोठ्या माणसाला नाव घेऊन सांगा, ‘जेवण होईपर्यंत लेकरं तुझ्याकडं.’ जेवल्यावर माणूस बदला, कारण भज्जी-भाकरी खाऊन पहिला हमखास आडवा होतो!

पायात बूट घाला, तुरीचे बुडखे घुसतात. हरभऱ्याच्या पानांवर आंब (आंबट रस) असते, ओरबाडल्यावर हात धुवा, नाहीतर डोळे झोंबतात. तान्ह्याची झोळी आंब्याला बांधा, बाभळीखाली नको.

दुपारी ऊन लागतं, दिवस मावळला की थंडी. सायंकाळी हेंडगा, म्हणजे शेतात फिरवायची पेटती पेंढी, पेटवतात तेव्हा लेकरं मागं धावतात. लोकरीसारख्या दिसणाऱ्या नायलॉनच्या स्वेटरवर ठिणगी पडली तर तो चिकटतो, म्हणून वरून सुती शाल गुंडाळा अन् कडेवरच घ्या.