पत्ता केटीचा, कचरा काउंटीचा

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला आणि वायव्येला असलेल्या केटी आणि सायप्रस परिसरात नव्याने राहायला आलेली मराठी कुटुंबे पहिल्याच महिन्यात विचारतात, की इथे कचरा नेमका कोण उचलतो? पुण्यात किंवा ठाण्यात हा प्रश्न पडत नाही, कारण कचरा उचलण्याची जबाबदारी महापालिकेची असते. इथे मात्र पत्त्यात ‘केटी’ लिहिले म्हणून घर केटी शहरात असतेच असे नाही. ते टपालासाठीचे नाव आहे. शहराची हद्द लहान असून त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक वसाहती हद्दीबाहेर, हॅरिस, फोर्ट बेंड किंवा वॉलर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मोडतात. सायप्रसला तर नगरपालिकाच नाही.

म्हणून सर्वांत आधी मालमत्ता कराची सगळी बिले काढावीत. त्यांत कर घेणाऱ्या संस्थांची नावे असतात. तिथे शहराचे नाव नसेल आणि ‘म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट’ व त्यापुढे क्रमांक असेल, तर आपण शहराबाहेर आहात. भाड्याने राहणाऱ्यांना काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकून हीच माहिती मिळते. म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट म्हणजे वसाहतीला पाणी आणि सांडपाण्याची सेवा पुरवणारी स्थानिक संस्था. तिला सगळे ‘मड’ म्हणतात. अशा वसाहतींत बहुधा हे मडच खासगी कंपनीला कचऱ्याचे कंत्राट देते आणि त्याचे पैसे पाण्याच्या बिलातून घेते. गाडी आली नाही तर शहराच्या कार्यालयात फोन करून उपयोग नाही. पाण्याच्या बिलावरील क्रमांकावर तक्रार करावी.

मग काउंटीचा संबंध कुठे येतो? टेक्सासमध्ये विधिमंडळाने दिले तेवढेच अधिकार काउंटीला असतात. शहरांबाहेरच्या भागात कचरा गोळा करणे, साठवणे आणि त्याची विल्हेवाट लावणे यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेने ‘कमिशनर्स कोर्टा’ला दिला आहे. नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हे. काउंटी जज (काउंटीचा निवडून आलेला प्रमुख) आणि चार कमिशनर मिळून होणारे ते काउंटीचे कारभारी मंडळ आहे.

खरी काळजी घ्यायची ती बेकायदा कचरा टाकण्याबाबत, कारण हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्याची तीव्रता वजनावर किंवा आकारमानावर ठरते. ५ पौंड किंवा ५ गॅलनपर्यंत असेल तर ५०० डॉलरपर्यंत दंड होतो. त्याहून अधिक, पण ५०० पौंडांपेक्षा कमी असेल, तर २,००० डॉलरपर्यंत दंड आणि १८० दिवसांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. ५ पौंड म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो, हे लक्षात ठेवावे.

आम्ही घर बदलले तेव्हा एक जुनी गादी आणि रिकामे खोके पिकअपवाल्या एका माणसाला ६० डॉलर देऊन सोपवले होते. तीन आठवड्यांनी काउंटीचा अधिकारी दारात उभा राहिला. त्याच्या हातातल्या फोटोत रस्त्याकडेच्या चरात आमचाच खोका पडलेला होता, भिजलेला, आणि त्यावरचे आमच्या नावाचे लेबल मात्र स्पष्ट वाचता येत होते. पैसे दिल्याचा संदेश फोनवर होता म्हणून आम्ही सुटलो. परंतु कायदा कचरा टाकणाऱ्याबरोबरच टाकू देणाऱ्यालाही लागू होतो. तेव्हापासून मी लेबले फाडतो आणि कचरा डेपोची पावती आणून दिल्याशिवाय पूर्ण पैसे देत नाही.

जुना सोफा किंवा फ्रिज अंगणात ठेवून देणेही चालत नाही. वसाहतीत अशा वस्तू रस्त्यावरून दिसतील अशा १० दिवस किंवा अधिक काळ पडून राहिल्या, तर तो कायद्याने सार्वजनिक उपद्रव ठरतो. स्थानिक संस्था कचरा उचलत असेल तिथे घरगुती कचरा जाळण्याची मुभा नाही, आणि प्लॅस्टिक, रबर किंवा विजेच्या तारांचे आवरण तर कुठेच जाळू नये. मोटारीची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्यावी.

शेवटची गोष्ट मी कळकळीने सांगतो, कारण ती आपल्या घरांतूनच घडते. वसाहतीमागचे तळे पाहून गणपतीनंतर निर्माल्य तिथे सोडण्याचा मोह होतो. ते तळे पावसाचे पाणी थोपवण्यासाठी खोदलेले असते, त्यात फुले, नारळ, कापड सोडले तर ते कायद्याने कचरा टाकणेच ठरते, आणि दहा दिवसांचे निर्माल्य ५ पौंडांपेक्षा सहज जास्त भरते. आम्ही शाडूची लहान मूर्ती आणतो आणि परसात बादलीत विसर्जन करतो. दोन दिवसांत माती तळाशी बसली की वरचे पाणी झाडांना घालतो, आणि ती माती फुलांसह कढीलिंबाच्या कुंडीत मिसळतो.