साप पाळताय? भरवताना या चुका टाळा

"दादा, माझा बॉल पायथन अचानक चावरा झालाय." बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, पाळणाऱ्याचा असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: उंदीर कशाने दिलास, आणि नंतर हात धुतलास का? पलीकडे शांतता.

एक गोष्ट आधीच सांगून मोकळा होतो. धामण, नाग, आपला अजगर यांना घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आरेच्या बाजूला घरात पिल्लू शिरलं तर 'सांभाळू' नका, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. पुढचं सगळं परदेशी जातींबद्दल, आणि ज्यांची नोंद लागते त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर झालेली आहे असं धरून.

आता ती हाताची गोष्ट. मुलुंडच्या एका पोराने फ्रीझरमधून काढून गरम पाण्यात सोडवलेला मेलेला उंदीर शेपटीला धरून हातानेच पुढे केला. चिमटा होता, पण 'कोण शोधत बसणार?' बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणारे खड्डे असतात. उंदीर एव्हाना गार, पोराचा पंजा गरम, वास दोघांना सारखाच. सापाने मनगट धरलं आणि वेटोळं घातलं. याने घाबरून हात खसकन ओढला. सापाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे पोराची कातडी फाटली, सापाचे दोन दात तुटले, आणि पुढे तोंडात पू होऊन महिनाभर डॉक्टरांच्या फेऱ्या. साप विषारी नव्हता, एवढंच नशीब.

अशा वेळी ओढायचं नाही. हात नळाखाली धरून सापाच्या तोंडावर गार पाण्याची बारीक धार सोडा, बहुतेक वेळा तो सोडतो. मग वेटोळं शेपटीकडून उलगडा. जखम साबणाने धुवा, डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. माझ्याकडे फूटभर लांब चिमटा सापाच्या टबाच्या झाकणालाच दोरीने बांधलेला असतो. गबाळा दिसतो, पण हरवत नाही.

चावून धरून ठेवतो तो भुकेचा चावा. झटकन मारून मागे सरकतो तो भीतीचा. मान इंग्रजी एससारखी वळली, फुस्कारे सुरू झाले, कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) असेल तर शेपटी कागदावर थरथरायला लागली, की झाकण लावा आणि चहा प्यायला जा. 'जरा हातात घेतला की सवय होईल' हा सल्ला देणारे स्वतः क्वचितच साप पाळतात. मी बाहेर काढण्याआधी साप उचलायचा आकडा त्याच्या अंगावर हलकेच टेकवतो. मग त्याला कळतं, हे जेवण नाही.

जिवंत उंदीर देऊ नका. भुकेला नसलेला साप गप्प पडून राहतो आणि उंदीर त्याची पाठ कुरतडतो. त्या जखमा मी पाहिल्यात. व्हिडिओसाठी हे करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

फ्रोझन उंदीर मायक्रोवेव्हमध्ये नाही. फुटतो. रात्री फ्रिजमध्ये, मग पिशवीसकट गरम पाण्यात. आई ओरडणारच, डबा वेगळा घ्या.

उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकाच.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. रविवारी मित्र येणार असतील तर शनिवारी भरवू नका. ओकला तर लगेच दुसरा देऊ नका, किमान १० दिवस थांबा, आणि उबदार बाजूचं तापमान खरंच ३१-३२ अंश आहे का ते थर्मामीटरने बघा. रात्रभर एसी लावणाऱ्यांनी तर नक्कीच.

डोळे दुधाळ दिसले म्हणजे कात येतेय, उपास चालेल. आणि नागपंचमीला शेजारच्या काकूंनी आणलेलं दूध तुम्हीच प्या. साप पाणी पितो.

थंडीत मोठा बॉल पायथन दोन-दोन महिने खात नाही. वजन टिकून असेल तर त्याच्या तोंडापुढे रोज उंदीर नाचवू नका. दहा-बारा दिवसांनी एकदा द्या, नाही घेतला तर तो टाकून द्या. परत फ्रीझरमध्ये नाही.