उंदरांवर चिंताशामक औषधाची चाचणी कशी घ्यावी

एखाद्या वनस्पतीच्या अर्काचा चिंताशामक गुण तपासू पाहणाऱ्या मराठवाड्यातील एम. फार्म.च्या विद्यार्थ्यासाठी ‘एलिव्हेटेड प्लस मेझ’ ही सोयीची चाचणी आहे. जमिनीपासून साधारण ५० सेंटिमीटर उंचीवर अधिक-चिन्हाच्या आकाराचा मंच असतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन भुजांना भिंती असतात आणि उरलेल्या दोन उघड्या असतात. नवी जागा धुंडाळण्याची ओढ आणि उघड्यावरची भीती यांच्या ओढाताणीत उंदीर काय करतो, हे पाहायचे असते.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय प्राणी मागवू नयेत. तुलनेसाठी एका गटाला डायझेपाम हे परिचित चिंताशामक औषध द्यावे. ते पाण्यात नीट विरघळत नसल्यामुळे ज्या माध्यमात त्याचे निलंबन केले, तेच माध्यम नियंत्रण गटालाही (औषध न दिलेल्या उंदरांना) द्यावे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, वीज गेली की प्राणिगृह तापते आणि जनरेटरच्या धडधडीने उंदीर जागच्या जागी थिजतो. म्हणून शक्यतो हिवाळ्यात, रोज ठरावीक वेळीच चाचणी घ्यावी.

उंदराला मध्यभागी, उघड्या भुजेकडे तोंड करून ठेवावे आणि ५ मिनिटे वरून चित्रीकरण करावे. चारही पाय आत गेले तरच प्रवेश मोजावा, आणि मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. प्रत्येक उंदरानंतर मंच सौम्य अल्कोहोलने पुसून कोरडा करावा, अन्यथा पुढचा उंदीर आधीच्याचा वास हुंगत बसतो.

खरी कसोटी अर्थ लावताना लागते. भीती कमी झालेला उंदीर उघड्या भुजेत जास्त वेळ घालवतो, पण तेवढा वेळ वाढला एवढ्यावर निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते; बंद भुजांमधील प्रवेश घटले असतील तर अर्काने गुंगी आणली असण्याची शक्यता आधी तपासावी, आणि सगळेच प्रवेश वाढले असतील तर केवळ हालचाल वाढली असावी. मागचे पाय आडोशात ठेवून अंग ताणत उघड्या भुजेचा वास घेणे किंवा कडेवरून मान खाली घालून डोकावणे, हेही नोंदवावे, कारण वेळेच्या आकड्यात न दिसणारी धास्ती तिथे दिसते.

एकदा वापरलेला उंदीर याच चाचणीत पुन्हा घेऊ नये, कारण दुसऱ्या खेपेस डायझेपामचाही परिणाम बहुधा दिसत नाही. ही चाचणी बेन्झोडायझेपिन गटातील (डायझेपाम याच गटातले) औषधे चांगली ओळखते, मात्र बस्पिरोनसारख्या या गटाबाहेरच्या चिंताशामक औषधांबाबत तिचे निकाल एकसारखे येत नाहीत. त्यामुळे निकाल नकारार्थी आल्यास अर्क बाद ठरवण्यापूर्वी नव्या उंदरांवर प्रकाश-अंधार पेटीची (एक कप्पा उजेडाचा, एक अंधाराचा) चाचणी घ्यावी.