फोन बदलायचा की स्कूटर? हिशोबातल्या या चुका टाळा

पर्यावरणाच्या काळजीपोटी खरेदी करताना अनेक जण फोनला आणि गाडीला एकच नियम लावतात : नवं ते कमी ऊर्जा खातं, म्हणून ते घ्यावं. गडबड इथेच होते. फोनचा बहुतेक भार तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच पृथ्वीवर पडलेला असतो. पेट्रोलच्या गाडीचा मोठा भार ती चालवताना पडतो.

वीज वाचवायला चार्जर काढायचा, पण फोन दोन वर्षांत बदलायचा

रोज चार्ज होणारा फोन वर्षाला साधारण सात-आठ युनिट वीज घेतो. आपल्याकडे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाचे पाच-सहा किलो. नवा स्मार्टफोन बनवताना मात्र ढोबळमानाने ५० किलोंच्या घरात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून फोन दुपारीच उतरत असेल तर आधी फक्त बॅटरी बदलून घ्या. अडकत असेल तर स्टोरेज रिकामं करा. सुरक्षा अपडेट बंद झाले असतील, तर नवा घेण्याचं ते खरं कारण आहे. बॅटरी फुगली असेल तर मात्र फोन लगेच वापरायचा थांबवा.

‘वीज कोळशाचीच, मग इलेक्ट्रिकने काय साधलं?’

हा युक्तिवाद मला फार घातक वाटतो, कारण तो अर्धाच खरा आहे. चंद्रपूर, कोराडीला कोळसा जळतो, हे खरंच. पण एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला ४५ किलोमीटर धावणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरला ५० ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटवर ३० किलोमीटरच्या आसपास जाते. चार्जिंगमधली गळती धरूनही २५ ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे निम्मं. शिवाय पेट्रोल शुद्ध करताना आणि पंपापर्यंत आणताना निघणारा कार्बन डायऑक्साइड यात धरलेलाच नाही. कोळशाचा धूर मोजायचा आणि रिफायनरीचा सोडून द्यायचा, ही तुलना न्याय्य नाही.

तरी घाई नको. नवी गाडी आणि तिची बॅटरी बनवतानाही काही शे किलो कार्बन खर्ची पडतो. रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याचा तो साधारण वर्षभरात फिटतो. मंडईपुरती स्कूटर काढणाऱ्याला त्यासाठी अनेक वर्षं लागतील. त्याने जुनीच नीट सर्व्हिसिंग करून वापरावी, टायरमधली हवा तपासत राहावी आणि जमेल तिथे चालत जावं.

लहान बचतीत मोठा खर्च विसरणं

मुंबईहून गोव्याला विमानाने जाऊन येण्यात चार्जिंगमधली वर्षानुवर्षांची काटकसर पुसली जाते. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ पासून पूर्ण विद्युतीकृत आहे. तिकीट मिळत असेल तर रेल्वेच घ्या.

जुना फोन कचऱ्याच्या डब्यात

लिथियम बॅटरी कचरागाडीत दाबली गेली की आग लागू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीचं संकलन केंद्र किंवा अधिकृत ई-कचरा केंद्र शोधा, डेटा पुसा, सिम काढा आणि फोन तिथे द्या.