वळीव पडायच्या आत बोअरचं पाणी तपासून घ्या

मंडळी, उसाच्या आडसाली (जुलै-ऑगस्टच्या) लागणीला अजून वेळ आहे म्हणून निवांत बसू नका. पाण्या-मातीचे नमुने काढायचे तर आत्ताच, दोन जोराचे वळीव झाले की वरचं मीठ खाली उतरतं, विहिरीला नवं पाणी येतं, रिपोर्ट एकदम चांगला येतो आणि दिवाळीपर्यंत रान परत पांढरं.

पलूस, वाळवा, मिरजेकडची कृष्णाकाठची काळी रानं चोपण (सोडियम साठून घट्ट) होताना बघतोय आणि सगळीकडं एकच, माती एखाद्यानं तपासलेली असते पण पाणी कुणीच नाही. का तर "आमच्या बोअरचं पाणी गोड हाय". अहो, जिभेला खारट तेवढं कळतं. सोडियम बायकार्बोनेटचं पाणी प्यायला बरं लागतं, पण तेच रानातल्या कॅल्शियमची चुनखडी करून टाकतं आणि सोडियम मातीला धरून बसतो, मग पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही, वाळलं की कुदळ लागत नाही. सरीत साचलेलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसलं तर माझा अंदाज चोपण, पांढरी पावडर फुटली तर खारवट, म्हणजे मीठ साठलेलं. पण अंदाजावर पैसे घालू नका.

दुकानदार खिशातला टीडीएस पेन बुडवतो, "पाणी ओके" म्हणतो आणि सॉईल कंडिशनरचा (माती सुधारायच्या औषधाचा) कॅन गाडीवर ठेवतो. तो पेन एकूण क्षार किती ते सांगतो, कुठले ते नाही. त्या कॅनच्या पैशात माती-पाणी दोन्ही तपासून होतं.

पाण्याचा नमुना:
- मोटर १५-२० मिनिटं चालू ठेवून मग
- स्वच्छ प्लास्टिक बाटली, त्याच पाण्यानं तीनदा विसळून, १ लिटर, काठोकाठ
- औषधाची बाटली नको
- २४ तासांत लॅबला

मातीचा नमुना:
- खत टाकायच्या आधी, पाचट बाजूला सारून
- व्ही आकाराचा खड्डा, २०-२५ सेंमी
- बांध, झाडाखाली, उकिरड्याजवळ नको
- सावलीत वाळवून अर्धा किलो, कापडी पिशवीत (खताच्या पोत्यात नको)

पाण्याचा आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा कार्बोनेट-बायकार्बोनेट किती जादा ते, लिटरला मिलिइक्विव्हॅलंटमध्ये) १.२५ च्या आत असला तर चालतंय, २.५ च्या वर गेला तर ते पाणी एकटं देऊच नका, कालव्याच्या नायतर नदीच्या पाण्यात मिसळून द्या. मातीचा सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमयी, म्हणजे मातीला धरून बसलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. सामू ८.५ च्या आत, सोडियमही १५ टक्क्यांच्या आत, पण ईसी (एकूण क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) ४ च्या वर म्हणजे खारवट, तिथं जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) टाकून उपयोग नाही, चर काढून चांगल्या पाण्यानं मीठ धुवायचं. चोपणाला जिप्सम, रिपोर्टवरच्या गरजेच्या निम्मं, वरच्या थरात मिसळून, पण निचरा नसला तर तेही वाया. चुनखडी जास्त निघाली तर जिप्समऐवजी गंधकाचं विचारा.

उसाला युरिया ओतताय आणि त्याच विहिरीचं पाणी घरात पिताय? मग नायट्रेटची तपासणी पण सांगा, पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको.

नमुने सांगली-साताऱ्याच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत न्या, कराडकडच्यांनी कालवडेच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि काउंटरवर "नेहमीची टेस्ट" म्हणू नका, मृद आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत सोडियम नसतोच, तो वेगळा सांगावा लागतो. फॉर्मवर स्वतः लिहा: मातीला विनिमयी सोडियम आणि चुनखडी, पाण्याला सामू, ईसी, एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती ते), आरएससी.